आठ महिने सोन्याचे घड्याळ वापरल्यानंतर: सगळे उत्तम, पट्टा सोडून

गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या आरतीच्या शेवटी स्वतःभोवती प्रदक्षिणा घालत असताना, माझ्या डाव्या मनगटावरून अठरा कॅरेट सोन्याचे घड्याळ निसटले आणि शहाबादी फरशीवर काच खाली करून पडले. आरती थांबली नाही, आणि मीही ती थांबवली नाही. प्रसाद वाटून होईपर्यंत घड्याळ खिशात ठेवून मी चेहरा शक्य तितका शांत ठेवला. तोपर्यंत या घड्याळाविषयी जे लिहिण्याचे माझ्या मनात होते ते बहुतांशी कौतुकाचे होते. कौतुक आजही कायम आहे, मात्र त्यात एक खोट आहे आणि ती मोजून एक मिलिमीटरची आहे.

जुन्या घड्याळांचा नाद असलेल्यांना मूलभूत तपशील नव्याने सांगण्याची गरज नाही. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धातले स्विस घड्याळ, रोज चावी द्यावी लागणारे, १७ ज्वेलचे, म्हणजे झीज कमी करणारे माणकाचे सतरा खडे आत बसवलेले, व्यास ३४ मिलिमीटर, तारीख नाही, सेकंदाचा काटा सहाच्या आकड्यावरील छोट्या वर्तुळात, मागचे झाकण दाबून बसणारे. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी तक्रार ज्या मापाविषयी आहे ते माप त्या काळी अनेक कंपन्या वापरत असत आणि त्यासाठी आज कोणा एकीला दोष देण्यात अर्थ नाही. तरुण मंडळींना ३४ मिलिमीटर म्हणजे बायकांचे घड्याळ वाटते. त्यांच्या माहितीसाठी एवढेच सांगतो की पाटेक फिलिप या स्विस कंपनीने १९३२ मध्ये ‘कॅलात्रावा’ हे घड्याळ काढले तेव्हा ते सुमारे ३१ मिलिमीटरचे होते आणि ते पुरुषांसाठीच होते. शर्टाच्या बाहीखाली सहज सरकावे, हा या प्रकारच्या घड्याळाचा पहिला गुण मानला जातो, आणि त्या परीक्षेत माझे घड्याळ पैकीच्या पैकी गुण मिळवते.

हे घड्याळ मी पाडव्याला घेतले. पुण्यात कर्वे रोडवर राहणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांकडे ते होते; त्यांचे वडील शिक्षणासाठी युरोपात गेले असताना त्यांनी ते तिकडे विकत घेतले होते. गृहस्थांनी सांगितलेली किंमत १,२५,००० रुपये होती आणि घासाघीस करण्याची माझी सारी तयारी त्यांनी चहा देऊन निष्फळ केली. बँकेत तेहतीस वर्षे कर्जाचे प्रस्ताव तपासलेला माणूस मी. तारण पाहिल्याशिवाय माझ्याने पैसे सुटत नाहीत. म्हणून एका परिचित कारागिराकडून मशीन बाहेर काढवून घेतले आणि काचेविना रिकामी केस, म्हणजे घड्याळाचे सोन्याचे कवच, मागच्या झाकणासह, रविवार पेठेत सोन्या मारुती चौकाजवळच्या एका सराफाच्या काट्यावर ठेवली. वजन ११.४० ग्रॅम भरले. त्या दिवशी २४ कॅरेटचा भाव दहा ग्रॅमला नव्वद हजारांच्या वर होता. नव्वद हजार जरी धरले तरी अठरा कॅरेटचे, म्हणजे हजारात ७५० भाग सोन्याचे, ग्रॅमला ६,७५० रुपये होतात आणि केसमधील सोन्याची किंमत सुमारे ७७,००० रुपये निघते. याचा अर्थ मशीन, तबकडी, काटे आणि पासष्ट-सत्तर वर्षांचा इतिहास मला मिळून ४८,००० रुपयांना पडला. हा हिशेब मी घरी मांडला तेव्हा सौ.नी विचारले, “आणि हे मोडायला जाल तेव्हा मशीनचे किती देतील?” त्याला उत्तर नव्हते.

सोन्याची खात्री करण्यासाठी सराफाने कसोटीचा दगड काढला नाही, यंत्राखाली धरून काही सेकंदांत आकडा सांगितला. पण मला त्याहून अधिक भरवसा कानाच्या पाठीवरील छापाचा वाटला. कान म्हणजे पट्टा ज्यात अडकतो त्या केसच्या चार बाह्या. स्वित्झर्लंडमध्ये १८८०च्या कायद्यापासून अठरा कॅरेटच्या केसवर हेल्व्हेशियाचे, म्हणजे त्या देशाचे प्रतीक मानलेल्या स्त्रीचे, मस्तक आणि चौदा कॅरेटवर खारीचा छाप मारला जात असे. १९९५ मध्ये हे छाप जाऊन त्यांच्या जागी सेंट बर्नार्ड कुत्र्याचे डोके आले. माझ्या घड्याळावर ते मस्तक इतके स्पष्ट होते की भिंगातून तिच्या केसांच्या बटा दिसत. होते, दिसत, ही भूतकाळी क्रियापदे मी जाणूनबुजून वापरली आहेत. त्याचे कारण पुढे येईल.

आपल्याकडे जुने सोन्याचे घड्याळ इतके दुर्मीळ का, याचे एक कारण कायद्यात आहे. १९६३च्या सुवर्ण नियंत्रणानंतर चौदा कॅरेटहून शुद्ध सोन्याचे दागिने घडवण्यावरच बंदी आली, १९६८ मध्ये त्याचा स्वतंत्र कायदा झाला आणि तो १९९० मध्ये रद्द झाला. त्या वातावरणात सोन्याच्या केसचे परदेशी घड्याळ मिरवणे ही हौसेपेक्षा धाडसाची गोष्ट होती. लोकांनी सोन्याचा मुलामा दिलेल्या घड्याळांवर समाधान मानले. बाहेरच्या देशांत निराळेच घडले. १९८०च्या जानेवारीत सोने औंसाला ८५० डॉलरपर्यंत चढले तेव्हा असंख्य केसेस वितळवल्या गेल्या आणि उत्तम मशिने अनाथ झाली. आजही अशी केसविना राहिलेली मशिने विकायला येतात. ज्या वस्तूचे तारण तिच्या अंगावरच असते, ती वस्तू भाव चढला की मरते.

आता मशीनविषयी. इथे मला माझे पहिले मत जाहीरपणे मागे घ्यायचे आहे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात घड्याळ एका रात्रीत सात मिनिटे पुढे जाऊ लागले आणि मी मित्रमंडळींत, आपण फसलो, असे सांगून मोकळा झालो. वस्तुस्थिती अशी होती की रात्री झोपताना मी घड्याळ मोबाइलवर ठेवत असे आणि मोबाइलच्या कव्हरच्या झाकणात चुंबक होते. घड्याळाची चाल ठरवणारी बारीक हेअरस्प्रिंग चुंबकित झाली की तिचे वेटोळे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ धावत सुटते. मोबाइलमधील होकायंत्राजवळ घड्याळ नेल्यावर सुई हलली तेव्हा रोग समजला. चुंबकत्व काढणारे ६०० रुपयांचे यंत्र वापरल्यावर काही सेकंदांत तो बराही झाला. त्या दिवसापासून घड्याळ लाकडी पेटीत झोपते आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. नंतरच्या चार महिन्यांत त्याने दिवसाला पंधरा सेकंदांपेक्षा अधिक चूक केली नाही. तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच, ही त्याची चाल आजच्या २८,८०० ठोक्यांच्या घड्याळांपुढे संथ आहे. कानाशी धरले तर प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो. सकाळी आंघोळीनंतर चावीला बोटांनी तीस-बत्तीस फेरे देण्याची सवय इतकी अंगवळणी पडली आहे की प्रवासात घड्याळ नेले नाही तरी बोटे काही क्षण हवेत फिरतात.

तबकडी मूळची आहे, आणि भारतात घेतलेल्या जुन्या घड्याळात ही सर्वांत मोठी मिळकत समजावी. आपल्याकडे तबकडीवर डाग पडला की ती नव्याने रंगवून घेण्याची पद्धत फार जुनी आहे. तळाशी सहाच्या आकड्याखाली ‘स्विस मेड’ ही अक्षरे जाडजूड किंवा वाकडी दिसली, सेकंदाच्या वर्तुळातील रेघा टोकाला फराटल्यासारख्या असल्या, की ओळखावे. माझ्या तबकडीवर नऊच्या जवळ चहाच्या थेंबासारखा एक डाग आहे. तो मला आवडतो, आणि तो काढून देण्याची तयारी आजवर तीन जणांनी दाखवली आहे. जुलैत काचेच्या आतून एकदा दव धरले. दाबून बसणाऱ्या झाकणाचे घड्याळ पुण्याच्या पावसात घालून फिरणे हा माझाच मूर्खपणा होता. शेजारच्या काकूंनी ते तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितले. तांदळाची भुकटी आत गेली तर काय, या भीतीने मी ते कोरड्या कपाटात टेबललँपच्या उबेला ठेवले.

मशीन, तबकडी आणि सोने या तिन्हींत नाव ठेवण्यासारखे काही नाही. राहिला पट्टा.

दोन कानांमधील अंतर सतरा मिलिमीटर आहे. ही ओळ वाचून कोणाला त्यात काही विशेष वाटले नसेल तर त्याने उद्या सकाळी लक्ष्मी रोडवर जाऊन सतरा मिलिमीटरचा चामडी पट्टा मागून पाहावा. मी मागितला. प्रथम लक्ष्मी रोडवर, मग तुळशीबागेच्या बोळात, मग बुधवार पेठेत, मग कॅम्पात महात्मा गांधी रस्त्यावर, आणि एका रविवारी जुन्या बाजारातही. उत्तर सगळीकडे एकच होते: “काका, सतरा येत नाही. सोळा घ्या नाहीतर अठरा.” पट्टे बहुतेक सम आकड्यांतच बनतात, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी समजले. माझ्या वडिलांच्या एचएमटी जनताला अठराचा पट्टा लागतो आणि तो कोपऱ्यावरच्या टपरीतही मिळतो. एचएमटीचा बंगळूरचा कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने उभा राहिला आणि केव्हाच बंद झाला, तरीही त्या घड्याळाचा पट्टा मिळतो. आणि सव्वा लाखाच्या वस्तूला मात्र पट्टा मिळू नये!

अठराचा पट्टा दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिलिमीटर दाबून बसवता येतो, पण मग चामडे मध्ये फुगते आणि कानांच्या आतल्या बाजूला घासते. एका दुकानदाराने ब्लेडने कडा तासून देण्याची तयारी दाखवली. तासलेल्या कडेतून अस्तर डोकावू लागले आणि पहिल्याच पावसात ते सुटले. सोळाच्या पट्ट्याने असा त्रास होत नाही, फक्त दोन्ही बाजूंना बारीक फट राहते. ती फट इतरांना दिसत नाही. मला ती दिवसातून किमान चाळीस वेळा दिसते. जेवताना दिसते, बसमध्ये दांडी धरल्यावर दिसते, भरत नाट्य मंदिरात दिवे मालवल्यावरही, केवळ ती तिथे आहे हे ठाऊक असल्यामुळे, दिसते. तरीही मी सोळाचा पट्टा घेतला, कारण तो १८० रुपयांना होता आणि त्याच्याबरोबर पिनांची जोडी फुकट होती.

त्या फुकटच्या पिनांनीच घात केला. पट्ट्याची पिन म्हणजे आतल्या स्प्रिंगमुळे दोन्ही टोके आत दाबता येणारी नळी असते. सोळाच्या मापाची पिन सतराच्या जागेत बसवली की तिची टोके पूर्ण बाहेर येऊनही कानांच्या भोकांत जेमतेम अर्धा मिलिमीटर शिरतात. ती बसल्यासारखी वाटते, मनगट स्थिर असेतोवर राहतेही, आणि टाळ्या वाजवत गोल फिरणाऱ्या माणसाच्या हातावरून सुटून जाते. पट्टा सोळाचा असला तरी पिन अठराची घालायला हवी होती; ती दाबून सतरात घट्ट बसते आणि तिची किंमत दहा रुपये आहे. ही गोष्ट मला घड्याळ पडल्यानंतर कळली.

पडल्यावर काच तडकली, मिनिटकाटा वाकून तिला टेकला आणि घड्याळ आठ वाजून सव्वीस मिनिटांवर थांबले. सर्वांत नाजूक भाग मात्र वाचला. मागेपुढे फिरून चाल राखणाऱ्या चक्राच्या अक्षाची टोके केसाइतकी बारीक असतात आणि जुन्या काळी घड्याळ पडले की ती हमखास मोडत. १९३०च्या दशकात आलेल्या इन्काब्लॉकसारख्या व्यवस्थेत टोकांवरचा माणकाचा खडा एका छोट्या, तंतुवाद्याच्या आकाराच्या स्प्रिंगखाली बसवलेला असतो, तो धक्क्यासरशी थोडा सरकतो आणि परत जागेवर येतो. या एका स्प्रिंगने माझे किती हजार वाचवले याचा हिशेब मी अजून केलेला नाही.

माझा नेहमीचा कारागीर गणपतीसाठी गावी गेला होता. दहा दिवस थांबण्याचा धीर न धरवल्याने मी पेठेतील दुसऱ्या एका दुकानात घड्याळ दिले. नवी काच, काटा सरळ करणे आणि मशीन उघडून तेलपाणी, एवढेच काम मी सांगितले आणि पावतीवर एवढेच लिहिले होते. सोळाव्या दिवशी घड्याळ हातात आले तेव्हा ते आरशासारखे चमकत होते. दुकानदार अभिमानाने म्हणाले, “नव्यासारखं करून दिलंय, साहेब.” बिलात ५०० रुपये पॉलिशचे होते, एकूण ४,३००.

ज्यांनी जुनी घड्याळे हाताळली आहेत त्यांना पुढचे सांगायला नको. कानांच्या धारदार कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या आणि हेल्व्हेशियाच्या केसांच्या बटा गेल्या होत्या. नाक आणि हनुवटी तेवढी उरली होती. मी विचारले, “पॉलिश करायला कोणी सांगितले होते?” त्यांचे म्हणणे, सगळेच सांगतात. मी म्हणालो, पावतीवर दाखवा. त्यांनी पावती पाहिली, मग मला पाहिले आणि बिलातले ५०० रुपये खोडले. मी तिथे थांबायला हवे होते, पण मी केस पुन्हा रिकामी करायला लावली, त्याच सराफाकडे गेलो आणि त्याच काट्यावर ठेवली. वजन ११.१९ ग्रॅम भरले. २१० मिलिग्रॅम सोने पॉलिशच्या चाकाला लागले होते. तोपर्यंत भाव लाखाच्या घरात गेल्यामुळे त्याची किंमत दीड हजाराहून अधिक होत होती. सराफ हसून म्हणाले, “त्यांच्या दुकानातली धूळ झारेकऱ्याला विका म्हणावं.” झारेकरी म्हणजे सराफी धुळीतून सोने काढणारा. मी परत जाऊन हा आकडा सांगितला आणि त्या रकमेची मागणी केली. दुकानदारांनी शांतपणे उत्तर दिले की घड्याळ वजनावर घेतलेले नव्हते, तेव्हा वजनावर परतही मिळणार नाही. वाद पाऊण तास चालला. त्यांचा मुद्दा कायद्याने बरोबर असेल. मी ३,८०० रुपये दिले आणि पावतीच्या मागे दोन्ही वजने लिहून तिच्यावर त्यांची सही घेतली. त्या सहीचा उपयोग काय, असे सौ.नी विचारले, तो मलाही सांगता येत नाही, पण पावती फाइलमध्ये आहे.

न्यायाने हेही लिहायला हवे की तेलपाण्याचे काम त्यांनी उत्तम केले. घड्याळ आज दिवसाला आठ ते दहा सेकंद पुढे जाते आणि एकदा पूर्ण चावी दिली की चाळीस तासांच्या आसपास चालते. सप्टेंबरभर माझे मत असे होते की हे घड्याळ विकून टाकावे. नोव्हेंबरमध्ये ते मत बदलले, आणि त्याला कारण झाला कोल्हापुरी चपला शिवणारा एक कारागीर. चपलेचा अंगठा तुटला म्हणून मी त्याच्याकडे गेलो होतो. माझ्या मनगटाकडे पाहून तो म्हणाला, “पट्टा बारीक पडलाय.” आठ महिन्यांत ती फट स्वतःहून पाहणारा तो पहिला माणूस. त्याने मोजपट्टी लावली, सतरा, असे म्हटले आणि त्या आकड्यात त्याला काहीच अडचण दिसली नाही, कारण तो पट्टे विकत नव्हता, कापत होता. बकऱ्याचे तपकिरी चामडे, मेणाचा दोरा, उलट्या बाजूला पातळ अस्तर, ३५० रुपये. पिना अठराच्या मी स्वतः घेऊन गेलो. पट्टा दोन्ही कानांना टेकून बसला आहे, ना फट, ना फुगवटा. फक्त बकलजवळची दोन भोके त्याच्या हातून किंचित तिरकी पडली आहेत आणि ते हल्ली मला दिसू लागले आहे.

किंमत, माप आणि सोने यांविषयी कोणी विचारले तर माझा सल्ला ‘घ्या’ असाच आहे. केसवर छाप स्पष्ट असावा, तबकडी रंगवलेली नसावी, दुरुस्तीला देताना पावतीवर ‘पॉलिश करू नये’ असे मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावे, आणि या सगळ्याच्या आधी, पैसे काढण्यापूर्वी, खिशातून पट्टी काढून दोन कानांमधले अंतर मोजावे. सतरा निघाले तर किंमतीतून निदान दोन हजार कमी करून मागावेत. मी मागितले नाहीत, चहा प्यालो.

परवा त्या कारागिराकडे काळ्या चामड्याचे आणखी दोन पट्टे सांगितले आहेत. त्याचे वय सत्तरीच्या पुढे आहे आणि मुलगा हे काम करत नाही, तेव्हा चार सांगावेत की काय याचा मी विचार करतो आहे. एकदम चार घेतले तर तो प्रत्येकी ३०० ला देईल.